काळसम्राटाला उत्तर का येत नाही?

"ताई, नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, इंग्रजी कामापुरतं. तीन महिन्यांपूर्वी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर टेक्स्ट रोलप्लेच्या एका सर्व्हरवर, म्हणजे ग्रुपवर, गेलो. माझं पात्र काळसम्राट. तो अंधारावर राज्य करतो, त्याला कोणी हरवू शकत नाही. सुरुवातीला दोघं-तिघं खेळले, मग उत्तरंच येईनात. एकाने 'गॉडमॉड करू नको' एवढंच लिहिलं. बाकीचे दहा-दहा ओळी लिहितात, माझी एक ओळ होते. एका खेळात एका मैत्रिणीच्या पात्राने काळसम्राटाला विष दिलं. खेळ आहे हे कळतं, तरी दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. आता कॉलेजातले दोन मित्र आणि दहावीतला चुलतभाऊ मागे लागलेत की आपण व्हॉट्सॲपवर मराठीत खेळू, तू शिकव. मलाच येत नाही तर मी काय शिकवणार? ता. क. काळसम्राट हे नाव बदलू का?"

प्रिय काळसम्राट,

तुझं पत्र वाचताना आधी हसू आलं, मग माझंच जुनं पाप आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत तासाचे वीस रुपये मोजून मी हाच खेळ खेळायचे, चॅटरूममध्ये. माझं पात्र होतं एक वैद्यबाई. समोरच्याने लिहिलं, त्याचा सैनिक हसत हसत आत आला, पण मेलेल्या भावाची आठवण काही त्याची पाठ सोडत नव्हती. माझी वैद्यबाई ताबडतोब म्हणाली, "उगाच हसू नकोस, भावाचं दुःख दिसतंय मला." वा, काय लिहिलंय, असं म्हणत मी खुर्चीत मागे रेलले. उत्तर आलं नाही. पुढच्या शनिवारी आणखी वीस रुपये घालवले, तेव्हाही नाही. ते दुःख त्याने मला सांगितलं होतं, माझ्या वैद्यबाईला नव्हे. आणि मी त्याच्या हातातलं पान हिसकावून सगळ्यांसमोर उघडं टाकलं होतं. खेळणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट पात्रालाही ठाऊक आहे असं धरून चालणं म्हणजे मेटागेमिंग, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा तुझ्या आधी या खड्ड्यात मी पडलेली आहे.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. टेक्स्ट रोलप्ले म्हणजे दोघा-चौघांनी मिळून, आळीपाळीने, टाइप करत रचलेली गोष्ट. प्रत्येकाने आपापलं पात्र सांभाळायचं. गुण नाहीत, हारजीत नाही, पुष्कळदा फासेही नाहीत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला, तो टेबलाभोवती बसून तोंडी खेळायचा. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने मड नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. नुसत्या मजकुरातून उभ्या केलेल्या एकाच जगात अनेक माणसं एका वेळी फिरू लागली. डिस्कॉर्ड आलं ते २०१५ साली, पण तुला नवीन वाटणारा हा खेळ तुझ्या वडिलांच्या वयाचा असेल.

आता तुझं दुखणं. उत्तरं का थांबली? काळसम्राट बलवान आहे म्हणून नाही थांबली. बलवान पात्रं लोकांना आवडतात. पण तुझा माणूस आला की समोरच्याला करायला काही उरतच नाही.

तू तमाशातली बतावणी पाहिली आहेस का? नसशील तर म्हाताऱ्या माणसांना विचार. सोलापूर म्हणजे शाहीर राम जोशींचं गाव, इथे सांगणारे भेटतील. गण झाला, गौळण झाली की सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार उभे राहतात आणि जागच्या जागी बोलणं रचत जातात. जुन्या फडांत वगाचेसुद्धा संवाद लिहिलेले नसत. कथा ठाऊक, कुठून कुठे जायचं ते ठाऊक, मधलं सगळं ज्याचं त्याने. अशा वेळी चांगला जोडीदार कोण? जो मुद्दाम चुकीचं ऐकतो, खुळ्यासारखा प्रश्न विचारतो, आणि सोंगाड्याला टाळी घ्यायला जागा करून देतो. गौळणीत मावशी कमरेवर हात ठेवून "कोण रे तू वाट अडवणारा?" असं विचारते, म्हणून कृष्णाला बोलायला मिळतं. तिने एंट्रीलाच कृष्णाला ढकलून मथुरेचा बाजार गाठला तर गौळण संपली. प्रेक्षक घरी.

या खेळातलं सगळं शिकणं मला तरी इथेच येऊन थांबतं. तुझी पाळी संपली की समोरच्याच्या हातात काय उरलं? ते बघ. भाषा, लांबी, अलंकार हे सगळं त्याच्या मागून.

आपण एक उदाहरण घेऊ. समज, तुझ्या जोडीदाराने हे लिहिलंय:

"कंदील वर धरून हणमंताने वेशीबाहेरच्या आकृतीकडे पाहिलं. पाऊस तिरपा येत होता. किल्ल्या कमरेलाच होत्या, पण त्याचा हात त्यांच्यापर्यंत जाताना थरथरला. 'या टायमाला वेस उघडत नसती. कोण हाय?'"

आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तू हे लिहिलं असतंस:

"काळसम्राटाने एका वारात पहारेकऱ्याला ठार केलं आणि आत गेला."

जोडीदाराने तुला पाऊस दिला, किल्ल्या दिल्या, थरथरणारा हात दिला आणि वर एक सरळ प्रश्नही विचारला. हात का थरथरला? थंडीने? भीतीने? आत काही लपवलंय म्हणून? त्याच्या डोक्यात काहीतरी होतं आणि तू विचारशील याची तो वाट बघत होता. तू त्यातल्या कशालाच हात लावला नाहीस. शिवाय त्याचं पात्र त्याला न विचारता मारलंस. गॉडमॉड करू नको म्हणजे हेच: दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते तू ठरवायचं नाही.

मराठीत यावर एक सोपा उपाय आहे, तो आपल्या क्रियापदांतच बसलेला आहे. "त्याने मारलं", "तिने हिसकावलं", "त्याने ढकलून दिलं" असं वाक्य दुसऱ्याच्या पात्रावर येऊन संपलं की काम तमाम झालेलं असतं. त्याऐवजी क्रिया अर्ध्यावर सोड. "हात उगारला." "किल्ल्यांकडे झेपावला." "तलवार उपसणार इतक्यात थबकला." "नेम धरला." वार तुझा, लागला की चुकला हे समोरच्याने सांगायचं. पाठवण्याआधी शेवटचं क्रियापद एकदा तपासत जा. महिनाभर एवढं एकच केलंस तरी तुझ्याबरोबर खेळायला लोक परत येतील.

मग तेच उत्तर असं होऊ शकतं:

"काळसम्राट कंदिलाच्या उजेडाच्या कडेला थांबला. बाहीतून पाणी ठिबकत होतं, पण त्याचं लक्ष पहारेकऱ्याच्या हाताकडे होतं. 'थंडी वाजतेय, की आत कुणी आहे?' त्याने रिकामा तळवा किल्ल्यांच्या दिशेने पुढे केला. 'दे. मी विचारतोय तोवर दे.' तेवढ्यात तटाच्या आतून शीळ ऐकू आली, दोन लांब, एक आखूड. काळसम्राटाचा तळवा तसाच राहिला. ही शीळ वाजवणारा माणूस मरून सात वर्षं झाली होती."

हे आठ-नऊ वाक्यांत झालं. फार सुंदर लिहिलंय असं नाही, मीही काही लेखिका नव्हे. पण आता हणमंताकडे बघ. तो किल्ल्या देऊ शकतो, पळू शकतो, खोटं बोलू शकतो, शीळ कुणाची ते सांगू शकतो किंवा शीळ ऐकलीच नाही असं म्हणू शकतो. काळसम्राट अजूनही भीतिदायकच आहे, उलट जास्तच. आणि पहिल्यांदाच त्याला काहीतरी ठाऊक नाही.

यातच तुझ्या दहा ओळींच्या प्रश्नाचं उत्तर आलं. लोक दहा ओळी लिहितात कारण ते समोरून आलेल्या गोष्टी उचलतात. आधी आलेल्याला प्रतिसाद, मग पात्राच्या मनात काय आलं, मग ते काय करतं किंवा बोलतं, शेवटी काहीतरी पुढे सरकवलेलं. एवढं केलं की ओळी आपोआप होतात. याउलट काही जण चंद्र, वारा आणि डोळ्यांच्या रंगावरच दोन परिच्छेद घालवतात आणि पात्र जागचं हलत नाही. असली लांबी मला आळशीपणाच वाटते, तिला घाबरू नकोस. साधारण जोडीदार जेवढं लिहितो त्याच्या आसपास राहावं एवढंच पथ्य. झटापटीचं दृश्य असेल तर दोन ओळीही पुरतात, उलट तिथे लांबण लावलं की तलवार हवेतच गंजते.

इम्प्रोव्ह, म्हणजे न लिहिता जागच्या जागी नाटक रचणारे, "हो, आणि…" असा नियम सांगतात: समोरच्याने मांडलेलं मान आणि त्यात भर घाल. नियम चांगला आहे, पण नवशिके त्याचा भलता अर्थ लावतात आणि त्यांची पात्रं नंदीबैलासारखी माना डोलवत बसतात. पात्राने खुशाल नाही म्हणावं. भांडावं, दार आपटावं, कर्ज फेडायला नकार द्यावा. "इथे दारच नाही" असं मात्र तू म्हणायचं नाही.

आता काळसम्राटाला बसवू समोर. पात्राची माहिती म्हणून तू बहुधा उंची, डोळ्यांचा रंग, शक्ती आणि शस्त्रं लिहिली असशील. सगळेच लिहितात. त्यातलं खेळात काही वापरता येत नाही. मला तीन गोष्टी सांग. त्याला आत्ता, या आठवड्यात, काय हवंय? ते मिळवताना तो कशाला बिचकतो? आणि तो कुणाचं देणं लागतो? अंधारावर राज्य ठेव की. पण अंधारावर राज्य करणाऱ्याला दिवसा काय दिसतं? दुपारी बारा वाजता, सोलापूरच्या मे महिन्यात, सावली पायाखाली गोळा झालेली असताना तो काय करतो? हा प्रश्न पडला त्या क्षणी मला तो माणूस आवडायला लागला. तुझ्या जोडीदारालाही आवडेल, कारण आता त्याला बोट शिरकवायला फट मिळाली.

भाषेबद्दल तू कमीपणा घेऊन लिहिलंयस. उगाच. इंग्रजीत खेळताना तुझे शब्द कमी पडत असतील, ते वाचून वाढतील. महिनाभर नुसतं दुसऱ्यांचे खेळ वाच, न लिहिता, त्यात लाज नाही. पण मराठीत खेळायला लागशील तेव्हा इंग्रजीतल्यांना नाहीत अशा दोन गोष्टी तुझ्याकडे असतील.

एक म्हणजे तू आणि तुम्ही. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. आपल्याकडे तीन दृश्यं "तुम्ही तुम्ही" करणारं पात्र चौथ्यात "तू" म्हणालं की काहीतरी घडलं. प्रेम म्हण, अपमान म्हण, वेगळी ओळ लिहावी लागत नाही. त्यात आपल्या गावाचं "बे" आहेच. "का बे" म्हणजे मैत्री की भांडणाची सुरुवात हे सोलापूरकराला सुरावरून कळतं, आणि लिहिताना तो सूर तुलाच दाखवावा लागेल. माझी सूचना अशी की सांगणारा आवाज साध्या मराठीत ठेव आणि पात्रांना त्यांची त्यांची बोली दे. चहावाला "हितं काय करलालास बे?" म्हणू दे. आजीला तेलुगूत रागावू दे, कन्नडमध्ये मोजू दे. या गावात एका बोळात चार भाषा ऐकू येतात आणि तू त्यातल्या दोन घरातून-शाळेतून घेऊन आलायस. ही तुझी कमाई आहे, ती लपवून काळसम्राटाला पुस्तकी मराठी बोलायला लावू नकोस.

दुसरी गोष्ट जरा अडचणीची आहे. मराठी क्रियापद सहसा लिंग लपवू देत नाही. इंग्रजीत बुरखाधारी अनोळखी पात्र शेवटपर्यंत पुरुष की बाई ते कळू न देता खेळवता येतं. आपल्याकडे "मी आलो" म्हटलं की भांडं फुटलं. मग काय करायचं? "कोणीतरी आलं" म्हणता येतं. "आकृती" आणि "सावली" या शब्दांच्या आड लपता येतं, म्हणून वर हणमंताला आकृती दिसली. "पावलं थांबली", "कुजबुज ऐकू आली" असं शरीराचा तुकडा पुढे करून लिहिता येतं. बोलताना त्या पात्राने आज्ञा द्याव्यात, प्रश्न विचारावेत, "थांब", "पुढे हो", "कुणी पाठवलं?" आणि स्वतःबद्दल "आलो-आले", "जातो-जाते" असलं क्रियापद वापरू नये. कसरत आहे, पण मित्रांबरोबर एकदा हा खेळ करूनच बघा, मराठीवर हात बसतो.

काळाचं तेवढं आधी ठरवा. "दार उघडतो" की "दार उघडलं", दोन्ही चालतं. एकाच दृश्यात दोघांनी दोन काळ चालवले की वाचणाऱ्याला ठेच लागते.

आता विषाचं. मला उगाच वाटतं की पत्राचं खरं कारण हेच असावं.

दोन दिवस तू तिच्याशी धड बोलला नाहीस याची लाज बाळगू नकोस. पात्राला लागलेलं खेळणाऱ्यापर्यंत झिरपतं, त्याला या खेळातले लोक ब्लीड म्हणतात. निळू फुल्यांना पडद्यावरच्या पाटलापायी बाहेर बायकांच्या शिव्या खाव्या लागत, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. तिथे निदान शिव्या देणारे प्रेक्षक वेगळे आणि नट वेगळा होता. इथे तूच नट आणि तूच प्रेक्षक. लागणारच.

फक्त एक तपास. तिने काय लिहिलं होतं? "पेला पुढे केला" की "काळसम्राट विष प्यायला"? दुसरं असेल तर तिनेही तुझ्यासारखीच चूक केली, कारण पिणं न पिणं तुझ्या हातात असायला हवं होतं. पहिलं असेल आणि तू स्वतः पेला उचलला असशील, तर तुझ्या या तीन महिन्यांतला सगळ्यात चांगला क्षण तोच. ज्याला कोणी हात लावू शकत नाही त्याला हात लावायची वाट एकीने शोधून काढली. तिला आज मेसेज कर. पात्राच्या तोंडून नको, स्वतः कर. विषाचा भाग भारी झाला, मला जरा लागला, पुढे काय करू या. खेळाबाहेरचं बोलणं ओओसी, खेळातलं आयसी, या दोन शब्दांचा उपयोग असल्या वेळीच असतो. आणि पुढच्या वेळी विष, मारामारी, मरण, प्रेमप्रकरण, यातलं काही आणण्याआधी दोघांपैकी कुणीतरी ओओसीत विचारायचं: चालेल ना? न चालणारं दृश्य तिथेच थांबवायचं, किंवा पडदा टाकून दुसऱ्या दिवसाच्या सकाळवर जायचं. नाटकात ब्लॅकआऊट असतो तो काय उगाच?

मित्रांना शिकवण्याचं. मी म्हणेन, शिकव. नुकताच ठेचकाळलेला माणूस खड्डे बरोबर दाखवतो.

चौघांनी एकदम सुरू करू नका. चार नवशिके एका दृश्यात आले की दोघं भांडतात, एक विनोद करतो आणि चौथा दुसऱ्या दिवशी विचारतो, "काय चाललंय?" आधी जोड्या करा. तू एका मित्राबरोबर खेळ, मग दुसऱ्याबरोबर, मग भावाबरोबर. एक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, सगळे ऑनलाइन असताना. दोन-तीन जोड्यांचे खेळ झाले की चौघांचं दृश्य करा आणि पाळीचा क्रम आधी ठरवा.

चौघांच्या दृश्यात काळसम्राटाला घरी ठेव. तू छोटी भूमिका घे: टीसी, टपरीवाला, रात्रीचा वॉचमन. बतावणीतला जोडीदार आठव. तुझं काम प्रश्न विचारण्याचं. जागा अशी निवड की कुणाला सहज निघून जाता येणार नाही. समजा, सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूरहून निघाली आणि मध्येच कुठेतरी अंधारात थांबली. डब्यातले दिवे गेले. एकाकडे अशी बॅग आहे की ती तो मांडीवरून खाली ठेवत नाही. एक जण दुसऱ्याच्या तिकिटावर चढलाय. तिसऱ्याला मुंबईला पोचायचंच नाहीये, घरी तसं सांगून आलाय एवढंच. ही एकेक ओळ प्रत्येकाला वेगळी, खासगीत पाठव. मग टॉर्च घेऊन टीसी येतो. बस. पहिल्या दिवशी यापेक्षा मोठं जग बांधायची गरज नाही, नकाशे आणि राजघराण्यांच्या वंशावळी करणारे पुष्कळ जण पहिलं वाक्यच लिहीत नाहीत.

नियम दोनच सांग: दुसऱ्याचं पात्र हलवायचं नाही, आणि पाळी संपताना काहीतरी समोर ठेवायचं. मेटागेमिंग, पॉवरप्ले वगैरे शब्द पहिल्याच दिवशी ऐकवलेस तर त्यांना वाटेल पुन्हा परीक्षा आली.

चुका होतील. मित्र लिहील, "मी पिस्तूल काढून सगळ्यांना गोळ्या घातल्या." तेव्हा खेळ थांबवून व्याख्यान देऊ नकोस. तुझ्या टीसीला विचारू दे: "पिस्तूल? मगाशी तिकिटाला पैसे नव्हते म्हणत होता. दाखव बघू, यातून गोळी सुटते की हे नुसतं लायटर आहे?" सगळे हसतील, गोळ्या हवेत विरतील आणि त्याला एक नवीन पात्र मिळेल, लायटरने धमकावणारा भित्रा माणूस. तरीही तो अडून बसला, तर खेळ संपल्यावर एकट्याला सांग. चारचौघांत नको. तुला त्या एका ओळीने, "गॉडमॉड करू नको" म्हणून, किती दिवस कुरतडलं ते आठव.

कौतुक करताना "मस्त, भारी" यावर भागवू नकोस. "तू बॅगेची चेन अर्धी उघडी ठेवलीस ना, तिथे मला पुढे काय लिहू ते सुचलं" असं सांग. पुढच्या वेळी तो आपणहून चेन उघडी ठेवील. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका अजिबात काढायच्या नाहीत. कुणाला मराठी टाइप करायला वेळ लागत असेल तर बोलून टाइप होतं, ते दाखव. आणि कुणाचं वाक्य कितीही वाकडं वाटलं तरी तू ते नव्याने लिहून द्यायचं नाही, ही शिकवणाऱ्यांची वाईट खोड आहे, मलाही होती.

व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप करा, एक खेळाचा, एक गप्पांचा. खेळाच्या ग्रुपमध्ये मध्येच बोलायचं झालं तर दुहेरी कंसात लिहायची पद्धत आहे, तीच ठेवा. डिस्कॉर्डवर कृती दाखवायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा टाकतात, त्याने अक्षर तिरकं होतं. व्हॉट्सॲपवर त्याच ताऱ्यांनी अक्षर ठळक होतं, तिरक्यासाठी अंडरस्कोर लागतो. पहिल्या दिवशी यावरून हमखास गोंधळ होतो.

चुलतभाऊ दहावीत आहे म्हणजे तो अजून लहान आहे, हे ग्रुपमधल्या सगळ्यांनी धरून चालायचं. तो असलेल्या खेळात प्रेमप्रकरणं आणि अंगावर काटा आणणारा रक्तपात नको, हे तू मोठा म्हणून आधीच सांग. डिस्कॉर्ड तेरा वर्षांच्या पुढच्यांना येऊ देतं, पण रोलप्लेचे कित्येक सर्व्हर फक्त अठरा पूर्ण झालेल्यांसाठी असतात. तिथे वय खोटं सांगून त्याला घेऊन जाऊ नकोस. अनोळखी जोडीदाराला शाळेचं नाव, घरचा पत्ता, फोटो, नंबर द्यायचा नाही, आणि कुणी "आपण हे फक्त दोघांत ठेवू" म्हणालं की तुला येऊन सांगायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. दहावीचं वर्ष आहे, तेव्हा रात्री दहानंतर त्याची पाळी येणार नाही हेही ठरव. नाहीतर काकू मला पत्र लिहितील.

मित्र नसताना चॅटबॉटबरोबर सराव करावा का, असं तू विचारलं नाहीस, पण हल्ली सगळेच विचारतात. हात मोकळा करायला हरकत नाही. फक्त बॉट कंटाळत नाही. तू त्याच्या पात्राला शंभर वेळा मारलंस तरी तो उत्तर देतच राहतो, आणि तुझी अडचण नेमकी समोरच्याचा कंटाळा ओळखण्याची आहे. ते माणसाकडूनच शिकावं लागेल.

राहिलं नावाचं. बदलू नकोस. काळसम्राट हे भपकेबाज नाव आहे आणि मला ते मनापासून आवडलं. फक्त एक दृश्य लिही आणि वाटलं तर मला पाठव: जानेवारीचा महिना, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलीय, काळसम्राट पाळण्याच्या रांगेत उभा आहे. त्याला कुणी ओळखत नाही. खिडकीवरचा माणूस म्हणतोय, "सुट्टे द्या," आणि सम्राटांकडे पाचशेची एकच नोट आहे.